जावळापर्यंतचा मुआयना

४ डिसेंबर, बुधवार. भीमपूर.

तहसील कचेरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. काल विचारलं.

काल भागावहिनींची तेरवी होती. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नी, शेजारचंच घर. त्यांचा मुलगा मारोती आणि सून प्रणिता, दोघांनाही समजायला वेळ लागतो. हे मी मनाने लिहीत नाही, दोघांची सदरमची, म्हणजे अपंगत्वाची, सर्टिफिकेटं सरकारी कॅम्पातून मीच आणली होती. मारोती तिसरीत तीन वर्षं बसला आणि तिथूनच घरी आला. प्रणिताला दोन कामं एकदम सांगितली की ती कोणतंच करत नाही, नुसती उभी राहते. या दोघांना नऊ महिन्यांची मुलगी आहे, तेजस्विनी. आजवर सगळं वहिनी पाहत होत्या.

जेवणं झाल्यावर प्रणिताचा भाऊ राजकुमार बोलला. तो बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत आहे, कंपनीचं क्वार्टर आहे, दोन मुलगे आहेत. म्हणाला, "पोरीले मी घेऊन जातो. माह्या घरी शिकन, मोठी होईन. या दोघायच्यानं हे होनार नाई." माणूस वाईट नाही, बोलताना डोळ्यांत पाणी होतं. पण तेरवीच्या दिवशीच पोर उचलून नेणं बरं दिसेना. मग ठरलं की जावळापर्यंत थांबायचं. जावळ वसंत पंचमीला, दोन फेब्रुवारीला. पोरीला मामाच्या मांडीवर बसवून केस उतरवतात, त्यामुळे मामा त्या दिवशी येणारच. तोवर दोन महिने शेजारच्या चंपतकाकांनी, म्हणजे मी, रोज जाऊन मुआयना करायचा आणि त्या दिवशी चारचौघांत सांगायचं, पोर इथे राहावी की मामाने न्यावी.

मुआयना म्हणजे तपासणी, पण नुसती तपासणी नव्हे. चौतीस वर्षं मी दफ्तरी होतो. साहेब मुआयना करत, मी मागे कागद धरून उभा असे. आता साहेबही मी आणि कागदही माझा. नवी वही काढली आहे. हिच्यात सगळं कच्चं लिहीन, शेवटी पक्की नक्कल करीन.

मारोती-प्रणिताला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून त्यांना काय समजणार.

५ डिसेंबर

सकाळी सात वाजता हजर झालो. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. पोरगी कुठे दिसेना. विचारलं तर मारोतीने कापसाकडे बोट दाखवलं. पोरगी गळ्यापर्यंत कापसात होती, नुसतं डोकं बाहेर.

"थंडी हाय नं काका," तो म्हणाला.

थंडी आहेच, काल सहा डिग्री होती. पण म्हणून काय झालं. कलम १: पोरीला कापसात पुरणे. पोरगी मात्र गालांनी लाल झाली होती आणि मला पाहून हसत होती. तिच्या भुवयांवर कापूस होता, त्यामुळे ती आमच्या जुन्या तहसीलदारांसारखी दिसत होती.

प्रणिताने न विचारता चहा आणि भाकर पुढे ठेवली. उपाशीपोटी डोकं चालत नाही म्हणून खाल्ली. कलम २: भाकर जाड. घरी परत आलो तर दूध गॅसवर तसंच होतं. पातेलं फेकावं लागलं. माझी बायको देवका जाऊन तीन वर्षं झाली, हे चौथं पातेलं.

९ डिसेंबर, सोमवार

अंगणवाडीत पोरीचं वजन केलं. मागच्या महिन्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी. ही गोष्ट गंभीर आहे, हिच्यावर मी विनोद करत नाही. कारणही सापडलं. अंगणवाडीतून पोरीला बालामृतमचं जे पौष्टिक पीठ मिळतं ते प्रणिता पाण्यासारखं पातळ करते. पाकीट तेलंगणा सरकारचं, त्यावर कसं करायचं ते तेलुगूत लिहिलंय, आणि प्रणिताला कोणतीच भाषा वाचता येत नाही. वहिनी होत्या तोवर त्याच कालवत. कलम ४.

मी तिथल्या तिथे प्रणिताला बसवून पाऊण तास समजावलं. पोषण, शक्ती, हाडं, मेंदू, सगळं. शेवटी विचारलं, "समजलं काय?"

"हो."

"काय समजलं?"

"तुमाले दम लागला."

अंगणवाडीच्या रेणुकाबाई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, सांगू नोका. करून दाखवा. मंग तिच्या हातानं करून घ्या. एका दिवशी एकच गोष्ट, दुसरी नाई." आणि त्या खरोखरच प्रणिताच्या चुलीशी जाऊन बसल्या. एक वाटी पीठ, दोन वाट्या पाणी, चमचा उभा राहिला पाहिजे. त्यांनी केलं, मग प्रणिताने केलं, मग परत प्रणिताने केलं. उद्या-परवाही येते म्हणाल्या. एका वाटी पिठाला तीन दिवस. आमच्या कचेरीत असं काम कोणी केलं असतं तर बदली झाली असती.

१२ डिसेंबर

रेणुकाबाईंना पद्धत माहीत नाही. पद्धत मला माहीत आहे. आदिलाबादहून जाड कागद आणून तक्ता केला: सकाळी सहा ते रात्री नऊ, पोरीचं खाणं, झोप, अंघोळ, मालिश, शी-शू, सगळं वेळेवारी. लाल शाईने रेघा, निळ्याने मजकूर. वर "श्री", खाली माझं दस्तखत. काचेची फ्रेम करून त्यांच्या भिंतीवर लावला. दोघं बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. मारोती म्हणाला, "लय चांगला हाय काका." समाधान वाटलं.

१३ डिसेंबर

तक्त्याला हार घातलेला. खाली उदबत्ती. मारोती अंघोळ करून हात जोडून उभा होता आणि पोरीचं डोकं तक्त्याला टेकवत होता.

मी म्हटलं, "अरे, ते वाचायचं आहे."

"वाचता येत नाई नं आमाले. म्हणून पाया पडून राह्यलो."

कलम ५: शासकीय स्वरूपाच्या कागदाची पूजा करणे. हार काढायला सांगणार होतो, पण माझ्या दस्तखतावर कुंकू लावलं होतं, ते काही वाईट दिसत नव्हतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल पोरीला गोवराची लस टोचली. नर्सबाईंनी तापाच्या औषधाची बाटली दिली: ताप आला तर एक माप, पुढचं सहा तासांनी, त्याच्या आत नाही.

आज अकराला गेलो. पोरीचं अंग तापलेलं. विचारलं, औषध दिलं काय. प्रणिता म्हणाली, देलं. किती वाजता? तिला घड्याळ समजत नाही. म्हणाली, "गाडी गेली तवा." कोणती गाडी, कोणत्या वेळची, काही पत्ता नाही. माझा विश्वास बसला नाही. बाटलीच्या गळ्याला एक लाल चिंधी बांधलेली होती. या घरात जिकडेतिकडे चिंध्या. सोडून फेकली आणि माप भरलं.

तर प्रणिताने बाटली माझ्या हातातून ओढली आणि तिच्यावर बसली. उठेच ना. मी रागावलो, समजावलं, परत रागावलो. ती नुसती मान हलवते. माप माझ्या हातात होतं, ते पोरीला पाजायला वळलो तर मारोतीने ते घेऊन स्वतः पिऊन टाकलं. म्हणाला, "गोड हाय."

कलम ७: प्रणिता, औषधाच्या बाटलीवर बसणे. कलम ८: मारोती, लहान मुलीचं औषध पिणे. संध्याकाळी ताप उतरला.

२१ डिसेंबर

रेणुकाबाईंना तक्रार सांगितली. त्यांनी मारोतीला चिंधीचं मला सांगायला लावलं. तो म्हणाला, कापूस वेचताना जिथं थांबतो तिथल्या झाडाले चिंधी बांधतो, म्हणजे उद्या तीच ओळ परत वेचत नाई. तसंच औषध दिलं की बाटलीला चिंधी बांधायची. शाळेची तिसरी घंटा झाली की सोडायची. चिंधी असेतोवर औषध नाही. ही युक्ती त्याचीच, रेणुकाबाईंनी फक्त घंटा ठरवून दिली होती.

म्हणजे परवा चिंधी बांधलेली होती, आणि ती मी सोडली. नोंद करून ठेवतो की चिंधी फेकायला नको होती. मात्र कलम ७ कायम, कारण वडीलधाऱ्या माणसापुढे बाटलीवर बसणे हे वेगळं आहे.

२८ डिसेंबर

वजन चारशे ग्रॅमने वाढलं. तक्त्याचा परिणाम दिसतो आहे.

पोरगी आज मला पाहून "का" म्हणाली. ही 'काका'ची सुरुवात की 'काऊन'ची, म्हणजे 'का म्हणून'ची, ते नक्की सांगता येत नाही. कापसात आता खाली जुनी चादर घालतात, रेणुकाबाईंनी दाखवून दिलं, नाकात तंतू जातात म्हणून. मी हे पहिल्याच दिवशी सांगणार होतो.

१२ जानेवारी, रविवार

दोन आठवडे लिहिलं नाही. आधी नोंदण्यासारखं काही घडलं नाही, मग सहा दिवस मला थंडीताप होता. मुआयन्यात खंड पडला असता, पण दोघं पोरीला घेऊन दिवसभर माझ्याच घरी येऊन बसत होते, त्यामुळे पडल्या पडल्या निरीक्षण करता आलं. प्रणिता पेज करत होती. एक वाटी तांदूळ, चमचा उभा राहीपर्यंत. मला पातळ आवडते, तसं सांगितलंही, पण तिने ऐकलं नाही. कलम १०: हट्ट.

हैदराबादहून सुरेंद्रचा फोन आला. दर रविवारी येतो. विचारलं, "बाबा, जेवता नं?" मी म्हटलं, मी ड्यूटीवर आहे. तो म्हणाला, आवाज बरा वाटतो तुमचा. मुलाला काही माहिती नसताना असं कसं वाटतं कोण जाणे.

१६ जानेवारी

प्रणिताने आज आपणहून विचारलं, "काका, बेल्लमपल्ली किती दूर हाय?"

मी सविस्तर सांगितलं. भीमपूरहून आदिलाबाद, तिथून आसिफाबादवरून दुसरी गाडी, पुढे रेल्वे लाईन, कोळशाचे ढीग. सकाळी निघालं तर संध्याकाळ होते.

"पायी गेलं तं?"

"सहा-सात दिवस. पायी कोण जाते?"

"आन् पाहून परत याले?"

मी म्हटलं, तेवढेच परत. ती बोटं मोजत बसली, दोन्ही हातांची संपली तरी मोजत होती. तिला भूगोलाची आवड दिसते. वेळीच कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

कलम ११: विचार करताना दूध उतू घालवणे.

२७ जानेवारी, सोमवार

पक्की नक्कल करायला बसलो. अकरा कलमं आहेत. त्यातली तीन बारीक, ती वहीच्या मागच्या पानावर आहेत. कायद्याने पाहिलं तर निकाल सरळ आहे, पोर मामाने न्यावी. क्वार्टर आहे, शाळा आहे, शिकलेली मामी आहे. पहिलं पान लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, शाई सांडली. तिसरं घेतलंच नाही.

पोरगी गेली तर सकाळी सातला मी कुठे जाणार, असाही विचार आला. हा मुद्दा अहवालात बसत नाही, म्हणून इथे लिहितो. मला वाईट वाटतं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो, कारण मुआयन्याचा निकाल आज लागला.

जावळाला पंधरा-वीस माणसं होती. राजकुमार आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी कालच आले. भाग्यलक्ष्मीने पोरीसाठी दोन नवे फ्रॉक आणले, आणि कपडे भरायला एक रिकामी पिशवी. पिशवी तिने खुंटीला टांगली. न्हावी नागनाथ पाट मांडून, वस्तरा धुऊन बसला. राजकुमारने मांडी घातली, मांडीवर नवं उपरणं पसरलं.

प्रणिता पोरीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. बसवेना. बायका म्हणाल्या, बसव वो. ती हलेना. दोन कामं एकदम सांगितल्यावर उभी राहते तशी उभी. मग म्हणाली, "दादा, बसवतो. पन उठून नेशीन काय?"

राजकुमारने खाली पाहिलं. म्हणाला, "ते काका सांगतीन. काका, तुमचा अहवाल वाचा."

पक्की नक्कल झालेलीच नव्हती. माझ्याजवळ ही वही होती. म्हटलं, यातून कलमं वाचतो. पण मी दफ्तरी माणूस, चौतीस वर्षांत कागदातली एक ओळ गाळून वाचलेली नाही. सुरू केलं आणि सगळंच वाचत गेलो. पातेल्यासकट.

तहसीलदारांच्या भुवयांवर लोक हसले. तक्त्यावर तर नागनाथने वस्तरा खाली ठेवला. मारोती सगळ्यांना सांगत होता, "आमचं नाव लिवलं हाय वहीत, पाहा." बाटलीवर आलो तेव्हाही आधी हसले. मग राजकुमारने हात वर केला.

"थांबा काका. पयला डोस तिनं देला होता?"

"हो."

"आन् त्याच्याच वर दुसरा तुमी पाजून राह्यले होते?"

"हो."

"आन् या दोघायनं पाजू देला नाई?"

"नाही."

रेणुकाबाई म्हणाल्या, "एक तं बाटलीवर बसली, दुसरा माप पिला. दुसरं त्यायच्या हाती काय होतं?" मी पुढे वाचलं. ताप, पेज, सुरेंद्रचा फोन. मग सोळा जानेवारी. "पायी गेलं तं" इथपर्यंत माझा आवाज ठीक होता. "तिला भूगोलाची आवड दिसते" हे वाक्य मी माझ्याच तोंडाने मोठ्याने वाचलं, आणि कोणी हसलं नाही. मलाही तेव्हाच समजलं ती बोटांवर काय मोजत होती. सतरा दिवस ते वाक्य माझ्या उशाशी पडून होतं.

राजकुमारने तिला विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं?"

"कोनी नाई. तेरवीले या वहिनीनं तेजूचं माप घेतलं. फ्राकसाठी. मी म्हटलं, मयतात माप काऊन घेते." भाग्यलक्ष्मीने पदर तोंडाला लावला. प्रणिता पुढे म्हणाली, "तेजू झोपीतून उठते तं पयले मले पाह्यते. मंग रडते की हसते ते ठरोते. तिथं उठली तं कोनाले पाहीन?"

राजकुमार माझ्याकडे वळला. "काका, तुमचं मत?"

चौतीस वर्षांत माझं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि पोर मामाने न्यावी असं जे ठरवून आलो होतो ते आता तोंडातून निघेना. मी म्हटलं, "अकरा कलमं आहेत. सात ठिकाणी चूक माझी आहे. उरलेली चार रेणुकाबाईंनी करून दाखवल्यावर परत झाली नाहीत. मी दोन महिने नुसतं सांगत होतो. पोर इथंच राहू द्या, यांना दाखवणारं माणूस पाहिजे, पोर नेणारं नको."

राजकुमारने उपरण्याने नाक पुसलं. म्हणाला, "नाई नेत. बसव."

"अजून एकदा म्हण," प्रणिता म्हणाली.

"नाई नेत."

"वहिनीबी म्हणू दे."

भाग्यलक्ष्मीही म्हणाली. मग प्रणिताने पोरीला मामाच्या मांडीवर बसवलं, आणि पोरीने जो आकांत मांडला तो वेशीपर्यंत गेला असेल. नागनाथने अर्धं डोकं उतरवलं तेव्हा ती राजकुमारला चावली. पुरं झाल्यावर टकली पोरगी आईच्या कडेवर गेली, आईकडे पाहिलं आणि हसली. जेवणाला पुऱ्या होत्या. ठरलं असं की रेणुकाबाई आठवड्यातून दोनदा येतील, आणि राजकुमार दर सणाला येऊन पोरीला पाहून जाईल. भाग्यलक्ष्मी जाताना पिशवीत प्रणिताने दिलेली वांगी घेऊन गेली.

३ फेब्रुवारी

आज गेलो नाही. मुआयना संपला, आता रोज सकाळी त्यांच्या दारात जायचं काही कारण उरलं नाही. सातला उठलो, बसून राहिलो. चहा करावा असं वाटलं, मग वाटलं नको.

साडेसातला मारोती आला. "काका, काऊन नाई आले?"

मी म्हटलं, "काम संपलं बाबा."

"कोनतं काम?"

मी त्याला नीट, सावकाश, एका वेळी एकच गोष्ट असं करून सांगितलं. की मी दोन महिने येत होतो ते तुम्हाला तपासायला. तुम्ही पोरीला नीट सांभाळता की नाही ते पाहायला. ते पाहून झालं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाई काका. तसं नाई. माय जायच्या आदी आमाले सांगून गेली. चंपतभाऊजी एकटेच हायत, दूध जाळतेत, उपाशी राह्यतेत. त्यायले रोज सकाळी घरी बसवजा, भाकर देजा. आमी तेच करून राह्यलो. ते काम कुठं संपलं?"

वहिनींनी जाताना पोरगी माझ्या स्वाधीन केली नव्हती. मला यांच्या स्वाधीन केलं होतं.

मारोती दारात उभा होता. म्हणाला, "चाला, भाकर थंडी होऊन राह्यली."

परत आल्यावर हे लिहितो आहे. दोन भाकरी खाल्ल्या.